मॉर्फिन कमी करावे की रेचक वाढवावे?

प्रश्न : माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे. मॉर्फिनच्या गोळ्यांनी वेदना आटोक्यात आल्या, परंतु चार दिवसांपासून शौचास झालेली नाही. त्या धास्तीने ते दुपारची गोळी टाळतात आणि रात्री कण्हत राहतात. इसबगोल रोज देतो, पण उपयोग नाही. मॉर्फिन कमी करावे का?

उत्तर : मॉर्फिन परस्पर कमी करू नये. अडचण बहुधा रेचकाच्या निवडीत आहे. मॉर्फिन मज्जारज्जूत आणि मेंदूत ज्या प्रकारच्या ग्राहींवर (रिसेप्टर, म्हणजे पेशींवर औषध जिथे चिकटते त्या जागा) काम करून वेदना शमवते, तसेच ग्राही आतड्याच्या भिंतीतही असतात. तेथे त्याचा परिणाम झाला की आतड्याची हालचाल मंदावते, मळ आत रेंगाळतो आणि त्यातले पाणी शोषले जाऊन तो कोरडा, खड्यासारखा होतो. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र सहसा ओसरत नाही. म्हणूनच रेचक मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबर सुरू करून मॉर्फिन असेपर्यंत रोज द्यायचे असते. त्रास झाला की बघू, हे धोरण येथे महागात पडते.

इसबगोल थांबवावे. ते मळ फुगवते, पण तो पुढे ढकलणारे आतडेच सुस्त असेल आणि रुग्ण पाणी कमी पीत असेल, तर मळ अडकून बसण्याची भीती असते. अशा वेळी आतड्याला चालना देणारे सोनामुखीचे औषध किंवा बिसाकोडिल, आणि गरजेनुसार जोडीला मळ मऊ ठेवणारे मॅक्रोगोल किंवा लॅक्टुलोज दिले जाते. सोनामुखीचा परिणाम साधारण ६ ते १२ तासांनी दिसतो, म्हणून ती रात्री देणे सोयीचे. बिसाकोडिलची गोळी दुधाबरोबर देऊ नये. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर मॉर्फिनऐवजी फेन्टानिल या वेदनाशामकाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीचा, किंवा वेदनाशमनाला धक्का न लावता आतड्यातच मॉर्फिनला अडवणाऱ्या नॅलॉक्सेगॉलसारख्या औषधाचा विचार करू शकतात.

मात्र चार दिवस झाले असल्याने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. गुदाशयात घट्ट मळ साठलेला असल्यास नुसत्या गोळ्यांनी सुटका होत नाही. मध्येच पातळ शौचास होऊ लागली तरी बद्धकोष्ठता गेली असे समजू नये, कारण अडकलेल्या मळाच्या कडेनेही द्रव झिरपतो. केमोथेरपी चालू असेल तर घरी एनिमा देऊ नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर आतडे अडल्याची शक्यता असते. तेव्हा रेचक न देता तातडीने रुग्णालय गाठावे. हाडांतला कर्करोग लक्षात घेता आणखी एक गोष्ट पाहावी : पायांतली शक्ती कमी होणे, लघवी अडणे किंवा पाठीचे दुखणे अचानक वाढणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात आणि तेथे काही तासांचा उशीरही परवडत नाही.

वडील दुपारची गोळी टाळतात हे डॉक्टरांना अवश्य सांगावे; अन्यथा रात्रीच्या वेदना ऐकून ते मात्रा अपुरी समजतील आणि ती वाढवून देतील.