'वुल्फ मून' म्हणजे आपली कुठली पौर्णिमा?

प्रश्न : जानेवारीत मुलीने मोबाईलवर आलेला मेसेज दाखवला, 'आज वुल्फ मून', जूनमधला म्हणे स्ट्रॉबेरी मून. तिने विचारलं, आई आपल्याकडे अशी नावं नाहीत का, आणि मला कोजागिरी, वटपौर्णिमा सोडून पटकन काही आठवेना. बाराही पौर्णिमांना नावं असतात का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : असतात ताई, आणि तुम्हाला ती माहितीही आहेत, फक्त सणांच्या नावाने. चैत्रातली हनुमान जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा, मग वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, श्रावणात नारळी, भाद्रपदातली प्रौष्ठपदी (ही पटकन कुणाला आठवत नाही, हिच्यानंतर पितृपक्ष लागतो), मग कोजागिरी, त्रिपुरी, दत्तजयंती, पौषात शाकंभरी, माघी आणि शेवटी होळी. २०२६ चा वुल्फ मून ३ जानेवारीला होता, ती आपली शाकंभरी.

ती इंग्रजी नावं उत्तर अमेरिकेतल्या हवामानावरून आलीत. तिकडे जूनमध्ये रानातली स्ट्रॉबेरी पिकते म्हणून ते नाव, चंद्र काही गुलाबी होत नाही. आपली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीत येते, आणि जूनमध्ये पुण्यात ढगांमुळे चंद्रच कितीदा दिसत नाही, मग ते नाव इथे कसं लागू पडणार?

आपल्या नावांमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे, ती मुलीला नक्की सांगा. महिन्याचं नाव म्हणजे पौर्णिमेचा चंद्र कुठल्या नक्षत्राजवळ असतो त्याचा पत्ता. चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक, मघावरून माघ. दरवर्षी अगदी तंतोतंत नाही जुळत, कधी शेजारच्या नक्षत्रात असतो, पण फार लांब नाही. दत्तजयंतीला रात्री दहाच्या सुमारास तिला सोसायटीच्या टेरेसवर न्या, टेरेसचा लाईट बंद करा आणि हाताच्या पंजाने चंद्र झाका, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. आसपासच मृगाचे एका ओळीतले तीन तारे दिसतील. मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही. आणि त्याच्या आधी त्रिपुरीला संध्याकाळी पाताळेश्वरला जाऊन या, लेणीत पणत्या लागलेल्या असतात.

प्रश्न : २०२६ मध्ये मे महिन्याच्या शेवटी ज्येष्ठातली पौर्णिमा आहे, मग वटपौर्णिमा एवढी उशिरा, जूनच्या शेवटी का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : कारण ३१ मे ची पौर्णिमा अधिक ज्येष्ठातली आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवस कमी, ते साठत जातात आणि ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना धरावा लागतो, नाहीतर होळी सरकत सरकत पावसाळ्यात गेली असती. २०२६ मध्ये तो १७ मे ते १५ जून. मेमध्ये १ आणि ३१ अशा दोन पौर्णिमा, दुसरीला इंग्रजीत ब्लू मून म्हणतात. वडाची पूजा मात्र निज, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या नेहमीच्या ज्येष्ठातच करायची.