टीवायला ऑर्गेनोमेटॅलिक केमिस्ट्री ऑप्शनला टाकली तर चालेल का?

नाही, टाकू नका. तुम्ही विचारलंय की १८ इलेक्ट्रॉनचा नियम (धातूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन आणि त्याला जोडलेल्या गटांनी दिलेले मिळून १८ झाले की संयुग स्थिर) आणि दोन-तीन कॅटॅलिटिक सायकल (उत्प्रेरक टप्प्याटप्प्याने बदलत पुन्हा मूळ रूपात येतो ती साखळी) पाठ केल्या तर भागेल का, की धातू-कार्बन बंधांचा हा अख्खा भाग सोडून तो वेळ दुसऱ्या युनिटला द्यावा. पास होण्यापुरतं पाठांतराने भागेल. पण 'नियम पाठ करा आणि मोकळे व्हा' हा सल्ला मी आमच्या टीवायच्या ज्या सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या टीवायच्या प्रिलिमला प्रश्न आला होता: 'व्हॅनेडियम हेक्झाकार्बोनिल अस्तित्वात का नाही? कारण द्या.' सरांना हवं होतं ते उत्तर त्यांच्याच नोट्समध्ये होतं. व्हॅनेडियमचे ५, सहा सीओंचे (कार्बन मोनॉक्साइडचे) प्रत्येकी २ म्हणजे १२, बेरीज १७, नियम मोडला, सबब संयुग बनत नाही. मी लिहिलं की ते बनतं. घनरूपात मिळतं, एक इलेक्ट्रॉन सुटा असल्यामुळे पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढलं जाणारं) असतं, आणि आणखी एक इलेक्ट्रॉन मिळाला की चटकन ऋण आयन होऊन १८ पूर्ण करतं. मँगनीज पेंटाकार्बोनिलची बेरीजसुद्धा १७च येते, पण तिथे दोन तुकडे मँगनीज-मँगनीज बंधाने जुळतात आणि दोघांचे १८ होतात. व्हॅनेडियमभोवती सहा सीओ आधीच बसलेले असतात, सातव्या बंधाला जागा अपुरी पडते, म्हणून ते एकेकटंच राहतं. हे सगळं मी पाऊण पानात लिहिलं होतं.

पेपर मिळाला तेव्हा त्या पाऊण पानावर लाल पेनाची तिरकी रेघ होती आणि समासात 'नियम वाचा' असं लिहिलेलं होतं. मार्क शून्य. मी लायब्ररीतून इनऑरगॅनिकचं जाड पुस्तक काढलं, पानात कागद घालून स्टाफरूममध्ये गेलो. सर जर्नल तपासत होते. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "अरे, युनिव्हर्सिटीच्या पेपरात एवढं कोण वाचणार? १८ आले तर आहे, नाही आले तर नाही. डोकं कशाला चालवतोस?" मला राग मार्कांचा नव्हता. जे संयुग बाटलीत भरून ठेवता येतं ते 'नाही' म्हणून साठ-सत्तर मुलांना शिकवायचं, आणि का तर मोजणी सोपी पडते, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

त्याच डिपार्टमेंटच्या एका मॅडमनी मात्र माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या, आणि माझ्यासाठी हा विषय तिथून सुरू झाला. मोकळ्या सीओचं आयआरमधलं (इन्फ्रारेड वर्णपटातलं) स्ट्रेचिंग, म्हणजे बंध ताणला जाण्याची फ्रीक्वेन्सी, २१४३ प्रति सेंटीमीटर. क्रोमियम हेक्झाकार्बोनिलमध्ये ते साधारण २००० वर येतं. क्रोमियमच्या जागी व्हॅनेडियमचा ऋण आयन घेतला तर १८६० च्या आसपास, टायटॅनियमचा दोन ऋणभारांचा आयन घेतला तर १७५० च्या आसपास, आणि मँगनीजचा धन आयन घेतला तर उलट वर, २०९० च्या पुढे. चौघांचीही बेरीज १८च. मग आकडे वेगळे का? धातूवर ऋणभार जितका जास्त, तितके इलेक्ट्रॉन तो सीओच्या पाय-स्टार (बंध सैल करणाऱ्या) ऑर्बिटलमध्ये ढकलतो, सीओचा स्वतःचा बंध सैल होतो आणि फ्रीक्वेन्सी उतरते. बॅक-बाँडिंग म्हणतात ते हेच. नुसत्या १८ च्या बेरजेत यातलं काहीच दिसत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की सुरुवात नियमापासून करूच नका, बॅक-बाँडिंगपासून करा. निकेल टेट्राकार्बोनिल घ्या. लुडविग मॉन्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये ते जाहीर केलं. कारखान्यातले निकेलचे व्हॉल्व्ह कार्बन मोनॉक्साइडमुळे खराब होत होते, त्याचं कारण शोधताना ते हाती लागलं. धातूचं संयुग, आणि उकळतं ४३ अंश सेल्सिअसला! शून्य ऑक्सिडेशन स्टेटचं निकेल आणि कसलाही भार नसलेला सीओ एकमेकांना धरतात तरी कशाच्या जोरावर, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर स्वतःच्या शब्दांत, सिग्मा (सीओकडून धातूकडे) आणि पाय (धातूकडून सीओकडे) दोन्ही आकृत्या काढून लिहिता आलं की मग मोजणीला बसा.

मोजणीची एकच पद्धत धरा. फेरोसीनमध्ये (दोन कार्बन-कड्यांमध्ये बसलेलं लोखंड) न्यूट्रल पद्धतीने, म्हणजे सगळे तुकडे भाररहित धरून, ८ अधिक ५ अधिक ५, आयनिक पद्धतीने, म्हणजे तुकड्यांवर भार धरून, ६ अधिक ६ अधिक ६. दोन्हीकडे १८. घोळ होतो तो निम्मं इकडचं आणि निम्मं तिकडचं घेतल्यामुळे. मी न्यूट्रल वापरतो.

सायकलबद्दलही तेच. विल्किन्सन कॅटॅलिस्टची (अल्कीनला हायड्रोजन जोडणारा रोडियमचा उत्प्रेरक) सायकल चित्र म्हणून पाठ करू नका, प्रत्येक टप्प्यावर बेरीज लिहा. सुरुवातीला १६, एक फॉस्फिन (फॉस्फरसचा लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला गट) सुटला की १४, हायड्रोजनचं ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन (रेणू तुटून त्याचे दोन्ही तुकडे धातूला जोडले जाणं) झालं की १६, अल्कीन आलं की १८, इन्सर्शन (अल्कीन धातू-हायड्रोजन बंधात शिरणं) झालं की पुन्हा १६, आणि अल्केन बाहेर पडलं की १४. रोडियम सायकलभर अधिक एक आणि अधिक तीन यांच्यात ये-जा करतो. एवढं कळलं की बाण कुठून कुठे जातो ते घोकावं लागत नाही.

पुढे याचा उपयोग काय, हेही तुम्ही विचारलंय. मी औषधांच्या कारखान्यात प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे. आमच्याकडे सुझुकी कपलिंग (पॅलेडियम वापरून दोन कार्बन जोडणं) नेहमीचं. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं ते याच पॅलेडियमच्या कामासाठी. बॅच अडकते तेव्हा 'कुठल्या टप्प्यावर अडकली' हाच पहिला प्रश्न असतो. कच्चा माल म्हणून ब्रोमाइडऐवजी क्लोराइड वापरलंय आणि ऑक्सिडेटिव्ह ॲडिशनच होत नाहीये? मग जास्त इलेक्ट्रॉन देणारा, अंगाने मोठा फॉस्फिन लागेल. रिॲक्टरच्या भिंतीला काळं बसलंय? मग पॅलेडियमने लिगंड सोडलाय, बहुधा नायट्रोजन सोडून हवा नीट काढलेली नाही. नंतर ते पॅलेडियम काढूनही टाकावं लागतं, कारण तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये अशी मर्यादा आहे. आमच्या सरांच्या पद्धतीने शिकलेली हुशार मुलं इंटरव्ह्यूला येतात, सायकल धडाधड काढतात, आणि 'ब्रोमाइडऐवजी क्लोराइड घेतलं तर?' एवढं विचारलं की गप्प होतात. मुलांचा त्यात काही दोष नाही, त्यांना तसंच शिकवलंय.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. मोजणीची दहा-बारा उदाहरणं आणि एक सायकल करा, बाकी सुट्टीत बघा. पेपरात १६ इलेक्ट्रॉनचे स्क्वेअर प्लेनर डी-८ कॉम्प्लेक्स (चार लिगंड एका पातळीत, धातूचे आठ डी इलेक्ट्रॉन) आले तर त्यांना 'अस्थिर' लिहू नका. रोडियम-एक, इरिडियम-एक, पॅलेडियम-दोन, प्लॅटिनम-दोन यांना १६ चालतात. सीओसारखे पाय-ॲक्सेप्टर लिगंड आणि कमी ऑक्सिडेशन स्टेट असेल तिथे नियम चांगला लागू पडतो. टायटॅनियमसारख्या डावीकडच्या धातूंना बरेचदा १८ गाठताच येत नाहीत. आणि ग्रिन्यार, ब्यूटिल लिथियम यांना तर हा हिशेब लावूच नका. त्यांच्यासाठी तुमच्या ऑरगॅनिकच्या नोट्स पुरतील.