परदेशात समुद्रकिनारी सुट्टीला गेलात आणि सगळंच फसलं, असं कधी झालंय का? मग काय केलंत?

झालंय. आणि तेही फुकटात मिळालेल्या सहलीत. म्हणजे अर्ध्या फुकटात.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. आमच्या धंद्यात कंपन्यांच्या स्कीमा असतात: इतका माल उचला, इतके पॉइंट, थेट थायलंड. 2022 च्या खरिपात माझं टार्गेट पूर्ण झालं. कसं झालं तेही सांगून टाकतो. जुलैत आमच्याकडे अतिवृष्टी झाली, वावरं खरडून गेली, लोकांनी दुबार पेरणी केली आणि माझं बियाणं दोनदा खपलं. त्यातलं अर्धं अजून उधारीच्या वहीत आहे. असो.

एक सीट कंपनीची, बायकोच्या सीटचे पैसे आपल्या खिशातून. फुकेत, चार रात्री, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. तारीख ऐकल्यावरच डोकं लावायला हवं होतं, पण पत्रकावर इतकं निळंशार पाणी छापलं होतं की कोणी विचारलंच नाही. आई तेवढं म्हणाली, "येतानी बाटलीभर समुद्र आणजो." तिनं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही.

विमानतळाबाहेर पाय ठेवला आणि पाऊस. साधा नाही, आपल्याकडे पोळ्याला कधी कधी लागतो तसला, ढगाचं बूच निघाल्यासारखा. बायको पाच मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "काहून जी, वावरात कमी पडला होता का, म्हणून पैसे देऊन पाहाले आलो?"

नंतर कळलं ते आधी कळलं असतं तर बरं. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला आहे. आपल्याला भिजवणारे नैऋत्य मोसमी वारेच तिकडेही पाऊस नेतात. साधारण मे ते ऑक्टोबर हे दिवस पावसाचे, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. हॉटेलं तेव्हाच स्वस्त असतात आणि फुकटच्या सहली तेव्हाच निघतात.

पातोंगच्या किनाऱ्यावर लाल झेंडे रोवलेले. लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी सकाळीच थोडी घेतली होती. ते "आपण विहिरीत सूर मारणारी माणसं" म्हणत निघाले. जीवरक्षकानं शिट्ट्या मारमारून त्यांना परत आणलं. हे गमतीचं नाही. पावसाळ्यात तिथं किनाऱ्याकडून आत खेचणारा प्रवाह तयार होतो, वरून पाणी उलट शांतच दिसतं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नसतं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचं असतं. विहिरीत हे कोण शिकवणार?

दुसऱ्या दिवशी फी फी बेटांची स्पीडबोट रद्द झाली. पत्रकात त्या दिवशी माया बे लिहिलं होतं. ती खाडी दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंदच ठेवतात, प्रवाळांना आणि शार्कना उसंत मिळावी म्हणून. म्हणजे ऊन पडलं असतं तरी आम्हाला ती दिसणार नव्हतीच. टूर मॅनेजरला म्हटलं, हे छापलं कसं? तो म्हणाला, "सर, निसर्गापुढं कोणाचं चालतं?" त्याचं उत्तर पाठ होतं. हॉटेलच्या खोलीची खिडकी जनरेटरकडे उघडत होती. बाकी मंडळी रमी मांडून बसली. रोज रात्री पनीर.

तिसऱ्या सकाळी बायको उठली आणि म्हणाली, "चला जी, कुठंबी. इथं बसून तर मी भिताडं चाटीन." मग आम्ही दोघांनीच एक टॅक्सी ठरवली. ड्रायव्हरला हिंदी नाही, इंग्रजी जेमतेम. मोबाइलमध्ये बोलायचं, मोबाइल त्याच्या भाषेत सांगणार. मी म्हटलं, समुद्र नको, शेती दाखव. तो आधी हसला, मग बेटाच्या उत्तरेकडे थलांगला घेऊन गेला.

रबराची बाग मी पहिल्यांदा पाहिली. उंच सरळ झाडं, कापसाच्या सरींसारखी ओळीत. प्रत्येक खोडावर तिरपी चीर, तिच्या खालच्या टोकाला तारेनं अडकवलेला वाडगा, कुठं प्लास्टिकचा, कुठं नारळाची करवंटी. वाडग्यांत नुसतं पावसाचं पाणी. झाडाखाली एक म्हातारी बाई उकिडवी बसून वाडगे पालथे करत होती. मी विचारलं, चीक कुठाय? तिनं आभाळाकडे बोट दाखवलं. साल ओली असली की चीक वाडग्यात उतरत नाही, खोडभर पसरून वाहून जातो. म्हणून पाऊस तितके दिवस काम बंद आणि मजुरी बंद. एरवी ती मध्यरात्रीनंतर डोक्याला बॅटरी बांधून निघते. थंडाव्यात चीक जास्त वाहतो, ऊन चढलं की थांबतो. झाड लावल्यापासून चिरायजोगं व्हायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर मधल्या पट्ट्यात अननस. आपल्याकडे कपाशीत तूर टाकतात, तसंच.

शेडमध्ये तिनं रबराच्या पट्ट्या दाखवल्या. चीक आम्लानं गोठवायचा, दोन रुळांमधून दाबून काढायचा आणि बांबूवर धुणं वाळत घालावं तसा टांगायचा. वास विचारू नका, नासलेल्या दुधात मोजे भिजवल्यासारखा. मी मोबाइलमधून विचारलं, भाव कोण ठरवतं? बाईनं मोबाइलचं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात हवेत उडवले. बायको खो खो हसली. आमच्या दुकानात कापसाच्या भावाचं विचारलं की शेतकरी हेच करतात. जगात सगळ्यात जास्त नैसर्गिक रबर थायलंड पिकवतो, आणि बाई हात उडवते.

तासभर होतो तिथं. तिनं अननस कापून दिला, पैसे घेतले नाहीत.

परतताना फुकेत शहरात गाडी अडकली. रस्त्यावर पिवळी निशाणं, त्यांवर लाल अक्षर, पांढऱ्या कपड्यांतली गर्दी. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव चालू होता, आणि त्या वर्षी तो आपल्या नवरात्रातच आला होता, घटस्थापनेच्याच दिवसापासून. ते पिवळं निशाण असलेल्या खाण्याच्या गाडीवर मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. मी माळकरी. दोन दिवस हॉटेलात प्रत्येक ताटाकडे संशयानं बघणारा मी त्या रस्त्यावर चार गाड्यांवर जेवलो. बायकोचा नवरात्राचा उपवास, तिला उकडलेली रताळी मिळाली. ती सगळ्यांना हात जोडत होती, ते सगळे तिला हात जोडत होते.

तुम्ही अजून बुकिंग केलं नसेल तर एक करा. जून ते ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर फुकेत-क्राबीऐवजी थायलंडच्या आखाताच्या बाजूचं कोह सामुई बेट बघा. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. आणि पत्रकावरचं प्रत्येक ठिकाण त्या महिन्यात उघडं असतं का, ते एकदा मोबाइलवर बघून घ्या. मी बघितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. आत्ता तिथंच अडकला असाल तर ग्रुप सोडा आणि आपल्या धंद्याचं काही तिथं आहे का ते विचारा. सुतार असाल तर सुताराकडे जा.

निघायच्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. झेंडा लालच. गुडघाभर पाण्यातसुद्धा गेलो नाही. लाट परत जाताना पायाखालची रेती ओढून नेत होती, ती पाहूनच बायकोनं माझा शर्ट धरला. वाकून बाटली भरली आणि बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणली.

आईनं घरी बोटभर चाखून पाहिलं, थुंकली आणि म्हणाली, "बापा, एवढं खारं! आन् याच्यासाठी चार दिवस दुकान बंद ठेवलं?" बाटली मात्र देवघरात ठेवली. तळाशी अर्धा इंच रेती बसली आहे, दसऱ्याला देव पुसताना ती बाटलीही पुसते.