वाचकांचे प्रश्न : सर्व्हर आपल्याच ऑफिसात ठेवायचा म्हटलं तर

प्रश्न (बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून) : नमस्कार सर, आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी मोबाईल ॲप करायलोय. सकाळ-संध्याकाळ कोण किती दूध घातलं, गाईचं का म्हशीचं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दहा दिवसाचं बिल, एवढंच आहे. साधारण दोनशे सभासद. आत्तापर्यंत फायरबेसवर (गूगलची क्लाउड सर्व्हिस) चालवलं पण चेअरमन म्हणतात आमचा हिशेब आमच्या ऑफिसात पाहिजे. ऑफिसात ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पडलाय, त्याच्यावर स्वतःचं बॅकएंड (ॲपचा डेटा सांभाळणारी सर्व्हरची बाजू) चालंल का, कुठलं घेऊ, आणि मी एकटाच आहे तर टेस्टिंग कसं करू? पावसात आमच्याकडं लाईट आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नाही.

उत्तर : चालतंय की. आधी आकडा मांडू या. दोनशे सभासद, दिवसाला दोन वेळा, म्हणजे रोजच्या ४०० नोंदी, वर्षाच्या १ लाख ४६ हजार. डेटाबेसच्या हिशेबात हे काहीच नाही, त्यामुळं मशीन पुरंल का ही काळजी सोडून द्या.

चेअरमन म्हणतात ते मला मनापासून पटतं. पार्स नावाची सर्व्हिस आठवत असंल तर बघा, मोबाईल ॲपवाल्यांचं लाडकं बॅकएंड होतं, २०१३ ला फेसबुकनं विकत घेतलं आणि २८ जानेवारी २०१६ ला जाहीर केलं की वर्षभरात बंद करणार, ३० जानेवारी २०१७ ला खरंच बंद झालं. त्यातल्या त्यात चांगलं म्हणजे जाता जाता त्यांनी पार्स सर्व्हर ओपन सोर्स करून, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला करून ठेवला म्हणून लोकांना आपलं ॲप आपल्या मशीनवर हलवता आलं. दुसऱ्याच्या घरात ठेवलेला हिशेब कधीतरी असा उचलायला लागतो.

तुमच्या कामाला मी पॉकेटबेस हे बॅकएंड घ्या म्हणेन. एकच फाईल, आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, लॉगिन आणि ॲडमिनचं पान तयार, सगळा डेटा एका फोल्डरात. ॲपराइट आणि सुपाबेस ही दुसरी बॅकएंडपण चांगली आहेत, पण त्यात डॉकरचे बरेच कंटेनर (वेगवेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम) एकदम सांभाळायला लागतात, एकट्या माणसानं ते ओझं कशाला घ्यायचं. फक्त पॉकेटबेस अजून १.० च्या आधीचं आहे, म्हणजे त्यात अजून मोठे बदल होऊ शकतात, तेव्हा नवी आवृत्ती आली की लगेच चढवू नका, काय बदललंय ते वाचा, आधी दुसऱ्या मशीनवर चालवून बघा.

आता टेस्टिंग. बहुतेकजण ॲप उघडतात, एक नोंद टाकतात, दिसली की झालं म्हणतात. माझं म्हणणं उलटं आहे, सर्व्हर चालू असताना काय होतं ते कुणालाही दिसतं, तुम्ही तो मोडून बघा. फोननं नोंद पाठवली, सर्व्हरनं लिहून घेतली, आणि "मिळाली" हे उत्तर परत येताना रेंज गेली. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हे रोजचंच. फोनला वाटतं गेलीच नाही, तो परत पाठवतो, आणि त्या माणसाचं दूध दोनदा पडतं. यावर उपाय म्हणजे नोंदीचा आयडी सर्व्हरला बनवू देऊ नका, फोनवरच बनवा. पॉकेटबेसमध्ये तो १५ अक्षरांचा असतो आणि नोंद टाकताना आपण देऊ शकतो. तीच नोंद परत गेली तर सर्व्हर नाही म्हणतो, मग ॲपनं त्या आयडीची नोंद वाचून खात्री करायची आणि पुढं जायचं. टेस्ट करताना नोंद पाठवा आणि त्याच क्षणी फोन एअरप्लेन मोडला टाका, असं वीस-तीस वेळा करा, मग लिटरची बेरीज वहीशी जुळते का बघा.

मग लाईट. नोंदी येत असताना डेस्कटॉपची पिन खरंच उपसा, शटडाऊन करू नका. एसक्यूलाइटची फाईल सहसा खराब होत नाही, पण पॉकेटबेसची जी मूळ सेटिंग आहे तिच्यात अगदी शेवटच्या काही नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायच्या आधी करंट गेला तर त्या उडू शकतात, आणि फोनला तर "मिळाली" असं उत्तर कधीच गेलेलं असतं! म्हणून सर्व्हरनं हो म्हटलं की फोनवरची प्रत लगेच पुसायची नाही. दहा दिवसाचं बिल होईपर्यंत ठेवा आणि रोज रात्री दोन्हीकडची बेरीज ताडून बघायची सोय ॲपमध्येच करा. यूपीएस घ्याच, पण यूपीएसवर विसंबून हे टाळू नका.

वेळेचा घोळ तर हमखास होतो. पॉकेटबेस वेळ यूटीसीमध्ये (जगाची प्रमाणवेळ) ठेवतो, आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे पहाटे पाच वाजता घातलेलं दूध सर्व्हरच्या हिशेबानं आदल्या दिवशी रात्री साडेअकराला पडतं, आणि महिन्याच्या एक तारखेला पहाटेचं दूध मागच्या महिन्याच्या बिलात जातं. तारीख आणि सकाळ-संध्याकाळ हे दोन रकाने वेगळे ठेवा, वेळेवरून काढू नका. टेस्टमध्ये पाच वाजताची एक आणि पावणेसहाची एक नोंद टाकून बघा.

परवानग्यांच्या नियमात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडं नीट लक्ष द्या. पॉकेटबेसमध्ये नियम कुलूपबंद असला तर फक्त ॲडमिनला दिसतं, पण नियमाची चौकट उघडून रिकामी सोडली तर ते सगळ्या जगाला उघडं होतं. यादीचा नियम वेगळा आणि एकेक नोंद बघायचा वेगळा. दोन खोटे सभासद तयार करा, एकाच्या लॉगिननं दुसऱ्याचं बिल मागा, आणि लॉगिन न करतापण मागा. शेजाऱ्याचं बिल दिसलं तर गावात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

बॅकअप घेताना चालू सर्व्हरची डेटाबेस फाईल तेवढी कॉपी करू नका, ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाईलमध्ये असतात, त्या राहून जातात. पॉकेटबेसचं स्वतःचं बॅकअपचं बटण आहे, ते झिप करून देतं. ती झिप ऑफिसच्या बाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा तुमच्या लॅपटॉपवर उघडून त्यावरून एक बिल काढा. एका ओळखीच्या पतसंस्थेत मी स्वतः बघितलंय, रोज बॅकअप होत होता, गरज पडली त्या दिवशी एकपण उघडला नाही, तीन आठवडे माणसं वह्या घेऊन बसली होती.

राहिलं बाहेरून पोचायचं. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असंल तर तुमचं कनेक्शन दुसऱ्या बऱ्याच घरांबरोबर एकाच पत्त्यामागं आहे, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. मग स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागा, नाहीतर टनेल (बाहेरच्या एका सर्व्हरमधून आत यायची वाट) वापरा.

प्रश्न (निपाणीहून, डिप्लोमाचा विद्यार्थी) : लॅपटॉपवर सर्व्हर चालू आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, पण ॲपमध्ये लोकलहोस्ट टाकलं की कनेक्ट होत नाही. दोन दिवस गेले.

उत्तर : लोकलहोस्ट म्हणजे 'हेच मशीन'. अँड्रॉइडच्या एमुलेटरसाठी (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) ते म्हणजे तो एमुलेटर स्वतः, तुमचा लॅपटॉप नाही. तिथं १०.०.२.२ टाका, तो आतून लॅपटॉपचा पत्ता आहे, लगेच लागंल. खऱ्या फोनवर बघायचं असंल तर यूएसबी लावून एडीबी रिव्हर्स (अँड्रॉइडच्या एडीबी टूलची कमांड) करा, सर्व्हर पॉकेटबेसचा असंल तर पोर्ट ८०९०, म्हणजे फोनवरचा लोकलहोस्ट लॅपटॉपला जोडला जातो. वायफायवरून हवं असंल तर सर्व्हर ०.०.०.० वर सुरू करा, म्हणजे दुसऱ्या मशीनलापण तो दिसतो, आणि ॲपमध्ये लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता टाका. तरी चालला नाही तर बघा, अँड्रॉइड ९ पासून साधं, एन्क्रिप्ट न केलेलं एचटीटीपी मुळातच बंद असतं, टेस्टच्या बिल्डपुरती सूट द्या, खऱ्या ॲपला एचटीटीपीएसच.

प्रश्न (बेळगावातून) : आमच्या बचत गटाच्या ॲपमध्ये 'कुऱ्हाडे' शोधलं की काही जणी सापडतात, काही नाही. अक्षरं तर सगळी सारखीच दिसतात. बग कुठं असंल?

उत्तर : डोळ्याला सारखी दिसतात, आत सारखी नसतात. 'ऱ्ह' तीन तऱ्हेनं टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरं र च्या खाली नुक्ता (टिंब) देऊन, तिसरं र ला हलंत देऊन पुढं एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकून. प्रत्येक कीबोर्डची रीत वेगळी आणि डेटाबेस बघतो ते बाइट, म्हणजे अक्षरामागचे आकडे. नाव साठवताना युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांचं एक रूप करणं) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा त्यानं सुटत नाही, तो तुम्हालाच बदलून घ्यायला लागतो. कन्नड लिपीतली दीर्घ 'की'पण दोन तऱ्हेनं साठते, तिथं एनएफसी पुरतं. बाईंनी टाइप केलेलं नाव जसंच्या तसं ठेवा आणि शोधायसाठी साफ केलेला वेगळा रकाना करा.

आणि आपल्याकडं एकाच बाईचं नाव उताऱ्यावर कन्नडात, बँकेत इंग्रजीत आणि गटाच्या वहीत मराठीत असतं, तेव्हा पैशाच्या नोंदी नावावर जोडूच नका. सभासद नंबरावर जोडा, आणि टेस्टच्या यादीत तिन्ही लिप्यांतली नावं मुद्दाम घाला.