‘बोर्ड’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: ‘नोटीस बोर्ड’ म्हणजे फलक, कंपनीचं ‘बोर्ड’ म्हणजे संचालक मंडळ, ‘बोर्डिंग पास’ घेऊन माणूस विमानात चढतो आणि ‘बोर्डिंग स्कूल’मध्ये मुलं राहतात. हे शब्द वेगवेगळे की एकच?

एकच म्हणायला हरकत नाही. बोर्ड म्हणजे मुळात लाकडाची फळी. नोटीस बोर्डाचं कोडं इथेच सुटलं. पुढे फळ्यांच्या टेबलालाही बोर्ड म्हणू लागले आणि खरी गंमत त्या टेबलावर झाली. त्यावर वाढलेलं जेवण म्हणजे बोर्ड. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’मधलं बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय, राहण्याची नव्हे; अनेकजण नेमकं उलटं समजतात. त्याच टेबलाभोवती बसून कारभार पाहणारी मंडळी, तीही बोर्ड. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे, त्यावरून सचोटीचा व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’ झाला. ‘कबर्ड’ म्हणजे पूर्वी कप मांडायचं टेबल. दारं नंतर लागली. (आपलं ‘कपाट’ त्यावरून आलं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो संस्कृत शब्द आहे, अर्थ दाराची झडप.)

जहाजाचं प्रकरण जरा निराळं. तिथे बोर्ड म्हणजे जहाजाची कड. हा शब्द मुळात वेगळा असावा आणि फार पूर्वीच फळीवाल्या बोर्डात मिसळला असावा, असं अभ्यासक मानतात. कड ओलांडून आत आलात की ‘ऑन बोर्ड’, पाण्यात पडलात की ‘ओव्हरबोर्ड’. सुकाणूचं, म्हणजे ‘स्टिअरिंग’चं वल्हं उजव्या कडेला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. ताऱ्यांचा इथे काही संबंध नाही. डावी ‘लारबोर्ड’. ऐन वादळात ही दोन नावं ओरडून बघा, म्हणजे घोटाळा कळेल. ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ला रजा देऊन ‘पोर्ट’ नक्की केलं. विमानवाल्यांनी ‘बोर्डिंग’ उचललं ते या जहाजांकडून.

आपली फळीही काही कमी नाही. क्रिकेटमध्ये ‘मधली फळी’ कोसळते तेव्हा कुठलंच लाकूड मोडत नाही.

भाषांतर करताना मात्र सगळीकडे ‘मंडळ’ किंवा ‘फलक’ चिकटवू नका. हल्ली नोकरीत ‘ऑनबोर्डिंग’ करतात, त्याला ‘रुजू करून घेणं’ हा चांगला तयार शब्दप्रयोग आहे.