वाचक विचारतात : मॅक्रोफेजमधल्या साल्मोनेलाचा आरएनए

प्रश्न : मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) साल्मोनेला टायफिम्युरियम या जिवाणूचा संसर्ग करून 8 तासांनी आरएनए काढला. सिक्वेन्सिंगमध्ये जिवाणूचे रीड्स (वाचले गेलेले आरएनएचे तुकडे) एक टक्काही नाहीत. तुलनेसाठी एलबीमधलं (जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या मीडियममधलं) रात्रभराचं कल्चर घेतलं होतं. कुठे चुकलं?

उत्तर : आधी हिशेब मांडा. मॅक्रोफेजमध्ये साधारण 20 पिकोग्रॅम आरएनए धरा, एका जिवाणूत 0.1. पेशीत दहा जिवाणू असले तरी त्यांचा वाटा जेमतेम 5 टक्के. दहातल्या एकाच पेशीत जिवाणू शिरले असतील, तर अर्धा टक्का! म्हणजे आकड्यात नवल काहीच नाही.

जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेला स्ट्रेन वापरा आणि संसर्ग झालेल्या पेशी सॉर्टरवर (चमकेवरून पेशी निवडणाऱ्या यंत्रावर) वेगळ्या काढा. पण आधी आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात) स्थिर करून. जिवाणूचा एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारा आरएनए) काही मिनिटांतच निम्मा होतो. ट्रिप्सिन, सेंट्रिफ्यूज करत बसलात, तर पेशीतलं नव्हे, ट्यूबमधलं चित्र हाती येतं. सॉर्टर नसेल तर मीडियम काढून थेट वेलमध्येच ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए जपणारं रसायन) घाला.

पॉली-ए (एमआरएनएच्या टोकाची ‘ए’ची लांब शेपटी) पकडणारं किट इथे निरुपयोगी, कारण जिवाणूच्या एमआरएनएला तशी लांब शेपटी नसते. राइबोसोमल आरएनए काढून टाकायचा तो मॅक्रोफेज आणि जिवाणू, दोघांचाही. फक्त यजमानाचा, म्हणजे मॅक्रोफेजचा, काढून टाकलात तर जिवाणूचे 16एस आणि 23एस राइबोसोमल आरएनए सगळे रीड्स खाऊन टाकतात. बाहेरचे जिवाणू मारायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक पहिला तास 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली, पुढे 10. जास्त डोस तासन्‌तास ठेवला की तो मॅक्रोफेजच्या आत झिरपतो आणि आतल्या जिवाणूंनाही बाधतो.

खरी गडबड कंट्रोलची आहे. एलबीशी तुलना केली की मीडियम बदलल्याचा परिणामही संसर्गाच्या खात्यात जमा होतो. पेशींशिवाय त्याच डीएमईएममध्ये (मॅक्रोफेज ज्यात वाढवता त्या मीडियममध्ये), 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेले जिवाणू घ्या. शिवाय शून्य तासाचा नमुनाही. प्रयोग जमला असेल तर ‘एसएसएजी’ (पेशीच्या आत राहताना लागणारं जनुक) ठळक वाढलेलं आणि ‘पीआरजीएच’ (पेशीत शिरताना लागणारं जनुक) घटलेलं दिसेल.

प्रश्न : सिक्वेन्सिंगऐवजी नुसत्या क्यूपीसीआरवर (ठरावीक जनुकांच्या प्रती वाढवत मोजण्यावर) भागेल का?

उत्तर : मोजक्या जनुकांसाठी भागेल. मात्र जिवाणूच्या जनुकांत इंट्रॉन (एमआरएनए बनताना कापले जाणारे तुकडे) नसल्याने, प्रायमर कसेही बेतले तरी उरलेला डीएनए आरएनएच्या नावावर खपतो. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा आणि प्रत्येक नमुन्याची रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली ट्यूबही लावा. ते घातलेल्या आणि न घातलेल्या ट्यूबच्या सीटीत (संकेत दिसायला लागलेल्या चक्रांच्या संख्येत) किमान 7 चा फरक हवा. तेवढा असला की डीएनएचा वाटा एक टक्क्याच्या आत राहतो.