विद्यार्थ्यांनी चालवलेला अभ्यासगट टिकतो तो कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोवा विद्यापीठात नुकताच पीएच.डी.ला प्रवेश घेतलाय, विभागात एकटं वाटतं, विद्यार्थ्यांनीच चालवलेला एखादा अभ्यासगट सुरू करावा असं मनात आहे. पण असे गट चार बैठकांत बंद पडतात असं सगळे सांगतात. मग करावा का?

करा. गोव्याविषयी संशोधन करणार असाल तर जरूर करा, कारण ते एकट्याच्या आवाक्यातलं कामच नाही.

मी गोव्यातच पीएच.डी. केली. विषय होता खाजन जमिनी, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. गावकरी म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; तिचे जुने कागद कुठे मोडीत, कुठे पोर्तुगीजमध्ये. गावकऱ्यांचे हक्क नोंदवणारा १५२६ चा फोराल, म्हणजे सनद, पोर्तुगीज. कोमुनिदादींचा (गावकरीचंच पोर्तुगीज नाव) १९६१ चा कायदा, जो आजही लागू आहे, तोही मुळात पोर्तुगीज. त्यावर १९६४ चा कूळ कायदा आला आणि बांध राखायचा कोणी, हा प्रश्न नव्यानं उभा राहिला. मला मोडी वाचता यायची, पोर्तुगीज नाही. आमच्या गटात एक कायद्याची विद्यार्थिनी होती, एक सागरी विज्ञानाचा विद्यार्थी, एक पोर्तुगीज शिकणारी आणि माझ्यासारखे इतिहासवाले दोघं.

एक उदाहरण सांगतो, कारण गटाचा उपयोग मला तिथे खरा समजला. खाजनाच्या बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप, असते. तिची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातलं जादा पाणी बाहेर सोडतात. मानशीतल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, हे मला कागदांतून माहीत होतं. पण त्यावरून शेतकऱ्यांच्या एवढ्या तक्रारी का, ते कळत नव्हतं. सागरी विज्ञानवाल्यानं सांगितलं की मासळी भरतीच्या पाण्याबरोबर आत येते. म्हणजे जास्त मासळी हवी असेल तर दारं नको त्या वेळी उघडी ठेवायची, आणि मग खारं पाणी शेतात. त्यावर कायदेवालीनं विचारलं, पावणीच्या अटींत दारं कधी उघडायची हे लिहिलेलं असतं का? पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्या एका प्रश्नावर काढले. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातून निघालं, आणि मार्गदर्शकांच्या खोलीत बसून ते मला कधीच सुचलं नसतं.

आता टिकण्याबद्दल. आवडीचा गट आणि कामाचा गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवडीच्या गटात कोणीही यावं, ऐकावं, चहा प्यावा, जावं. त्याचंही मोल आहे. एकटेपणावर तोच उतारा आहे. पण त्याच्याकडून लेख, अनुवाद किंवा नकाशे होतील ही अपेक्षा धरू नका. कामाच्या गटात माणसं थोडी लागतात आणि प्रत्येकाच्या हातात पुढच्या बैठकीपर्यंतचं काहीतरी लागतं. गट बंद पडतात ते बहुतेकदा या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. नाव ठरतं, बोधचिन्ह होतं, व्हॉट्सअॅपवर सगळा विभाग जमतो आणि वाचायचं काय तेच ठरलेलं नसतं.

आपल्याकडे वेळेचा विचार फार बारकाईनं करावा लागतो. काणकोण, सत्तरी, पेडण्याहून रोज येणारी मुलं कदंब बसच्या वेळेवर जगतात. संध्याकाळी सहाची बैठक ठेवलीत तर ताळगाव-पणजीत राहणारेच उरतील आणि गट नकळत त्यांचाच होऊन बसेल. दुपारची वेळ धरा. दुसरी खिंड चतुर्थीची. सुट्टीत सगळे घरी जातात आणि परतल्यावर कोणीच हाक मारत नाही. म्हणून सुट्टीआधीच नंतरच्या बैठकीचा दिवस, मजकूर आणि मांडणारा ठरवून ठेवा.

एम.ए.ची मुलं दोन वर्षांत जातात, पीएच.डी.ची निदान तीन वर्षं असतात. समन्वयाला दोघं ठेवा, एक जुना आणि एक नवा, आणि दर सत्राला जुन्यानं बाजूला व्हावं. प्राध्यापकांना आवर्जून बोलवा, पण पाहुणे म्हणून. ते खुर्चीत बसले की पहिल्या वर्षाची मुलगी तोंड उघडत नाही, मग ते कितीही प्रेमळ असोत. विभागातली खोली मिळत नसेल तर अडून बसू नका. पणजीत पाटो भागातलं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, बाहेर कुठेही सावली आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच महिन्यात लिहून काढा: एकत्र केलेल्या कामावर कोणाची नावं येणार, आणि एकानं आणलेल्या कागदांचे फोटो किंवा मुलाखती दुसऱ्यानं कुठे वापरायच्या. हे बोलायला संकोच वाटतो, मैत्रीत कशाला असं वाटतं. पण पीएच.डी.त प्रत्येकाचं भवितव्य त्याच्या सामग्रीवर उभं असतं आणि यावरून चांगल्या मित्रांची तोंडं फिरलेली मी पाहिली आहेत. ज्या शेतकऱ्यानं, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारानं तुम्हाला माहिती दिली त्याची परवानगीही यात धरा.

अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळवण्याच्या धावपळीत हे जमेल का, ही तुमची शंका रास्त आहे. पंधरवड्याला एकदा, दीड तास, एवढं पुरतं. पहिल्या बैठकीला आठ-दहा पानांचा एकच कागद निवडा, शक्यतो तुम्हाला एकट्याला न उलगडलेला, आणि वेगळ्या विभागातल्या निदान दोघांना स्वतः जाऊन बोलवा. नोटीस लावून कोणी येत नाही.